चिंचोके, एचपी आणि नेटलोगो : गावासोबत भूजलाचं मॉडेल बांधताना

पाणलोटाचं काम करणाऱ्या कुणालाही गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता येतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १००० हेक्टरचं शिवार आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६० लाख घनमीटर, म्हणजे ६००० टीसीएम (हजार घनमीटर). त्यातलं १० टक्के मुरलं असं धरलं तर ६०० टीसीएम. एका रकान्यात हे, दुसऱ्या रकान्यात पिकं, माणसं आणि जनावरं. दोन्ही रकाने जुळले की ग्रामसभेच्या फळ्यावर लिहायला हिशेब तयार.

पण असा ताळेबंद शिलकीत असूनही मार्चमध्ये निम्म्या विहिरी तळाला जाऊ शकतात. बेरजेत पाणी दिसतं. ते कुणी, कधी, कोणत्या थरातून आणि कुणाचं बघून उपसलं हे बेरजेत दिसत नाही. शेकडो माणसं स्वतंत्रपणे निर्णय घेतात, प्रत्येकाची नजर शेजाऱ्यावर असते, साठा सगळ्यांचा एकच असतो आणि तो साठा खाली गेला की पुढचे निर्णय आणखी बदलतात. गुंतागुंतीच्या व्यवस्थांच्या अभ्यासाची साधनं अशाच ठिकाणी कामाची असतात. त्यातलं सर्वांत उपयोगी म्हणजे एजंट-बेस्ड मॉडेल. त्यात प्रत्येक विहीर आणि प्रत्येक शेतकरी कॉम्प्युटरमध्ये वेगळा असतो आणि स्वतःच्या नियमाने वागतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या मॉडेलचा पाण्याचा अर्धा भाग सोपा आहे. भूजलशास्त्रज्ञ, पावसाच्या नोंदी आणि थोडी चिकाटी असली की तो होतो. अवघड आहे तो निर्णयाचा अर्धा भाग, आणि तो ऑफिसात बसून लिहिता येत नाही. पाणी आणि माणसं एकत्र अभ्यासणाऱ्या बहुतेक संशोधनात वेळ आणि पैसा पहिल्या अर्ध्यावर जातो. दुसऱ्या अर्ध्यात ‘शेतकरी नफा जास्तीत जास्त करतो’ असं एक वाक्य टाकून पुढे जातात.

आधी प्रश्न, मग सीमा

‘गावाचं पाणी टिकावं’ ही इच्छा झाली, प्रश्न नाही. मॉडेलला लागणारा प्रश्न साधारण असा असतो : ऑक्टोबरअखेरच्या पाणीपातळीवरून रब्बीचं क्षेत्र ठरवलं आणि तो ठराव निम्म्याच लोकांनी पाळला, तर मार्चनंतर शिवाराच्या कोणत्या भागातल्या विहिरी आधी आटतील? यात काळ आहे, नियम आहे, नियम मोडणारे आहेत आणि नंतर जाऊन तपासता येईल असं उत्तर आहे. असा प्रश्न दोन-तीन बैठकांनंतरच हाती लागतो. तोवर लॅपटॉप पिशवीतच बरा.

मग सीमा. ग्रामपंचायतीची हद्द गावनकाशावर असते, पाणलोटाची माथ्याच्या रेषेवर आणि जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराची, जमिनीखाली. या तिन्ही एकमेकींवर बसत नाहीत. दख्खनचा बेसाल्ट थरावर थर साचून झालेला आहे. प्रत्येक थरात घट्ट काळा पाषाण आणि त्याच्या वर सच्छिद्र मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबडा गेरूसारखा पट्टा. साध्या विहिरी वरच्या मुरुमातलं आणि झिजलेल्या खडकातलं पाणी घेतात. बोअर दोन-तीन थर छेदून खाली जातं, आणि केसिंग, म्हणजे बाजू धरणारा पाइप, मात्र वरच्या सैल भागापुरतंच असतं. त्यामुळे खालचं उघडं भोक दोन थरांना जोडणारी नळी बनतं आणि वरच्या थरातलं पाणी त्यातून खाली झिरपू लागतं.

म्हणून मॉडेलमध्ये निदान दोन साठे ठेवावेत, उथळ आणि खोल. त्यांच्यातली देवाणघेवाण बोअरच्या संख्येवर अवलंबून ठेवावी. एकच साठा ठेवला तर एकूण उपसा तेवढाच राहूनही बोअर वाढल्यावर विहिरी का आटतात, हे मॉडेलला दाखवताच येत नाही. गावात लोक हीच तक्रार सर्वांत जास्त करतात. ती मॉडेलमध्ये उमटली नाही तर पुढच्या बैठकीला कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

विहिरीगणिक मोजणी

प्रत्येक विहिरीची आणि बोअरची नोंद हवी : जागा, गट नंबर, खोली, व्यास, मोटारीचा एचपी, मोटार किती फुटांवर सोडली आहे, आडवे बोअर आहेत का, हिस्सेदार किती आणि पाळी कशी. खोली लोक फुटांत किंवा परसांत सांगतात. ती नोंदवहीत तशीच लिहावी, मीटरमध्ये नंतर बदलावी. जागेवर डोक्यात रूपांतर केलं की चुका होतात. बोअर असेल तर कोणत्या वर्षी मारलं, पाणी किती फुटांवर लागलं आणि त्याआधी किती कोरडी गेली, हेही विचारावं. कोरडी बोअर कुणी आपणहून सांगत नाही आणि ती कुठल्याही दप्तरात नसतात. पण निर्णयाचा खर्च समजायला तीच लागतात.

पातळीसाठी २० ते ३० निरीक्षण विहिरी निवडाव्यात : माथ्यावर, उतारावर आणि ओढ्याकाठी, तिन्हीकडे. दर पंधरा दिवसांनी वाचन. कठड्यावर एका ठिकाणी ऑइलपेंटची खूण करून नेहमी तिथूनच टेप सोडायचा. इथे बिघडणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. मध्येच कुणी कठडा दोन फूट वर बांधतो आणि कागदावर पातळी अचानक दोन फूट खाली जाते. किंवा वाचनाच्या वेळी मोटार चालू असते. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, त्यामुळे ‘सकाळी ८ वाजता मोजा’ असं सांगून भागत नाही. मोटार बंद होऊन किती तास झाले, हा रकाना वाचनाशेजारी हवाच. तो नसला तर वर्षभराच्या आकड्यांतून जलधर कळत नाही, फक्त वीज कधी होती ते कळतं.

उपशाचं गणित एचपीवरून करण्याची सवय आहे, ती दिशाभूल करते. ५ एचपीची मोटार, ४० टक्के कार्यक्षमता आणि २० मीटर उचल धरली तर सेकंदाला साधारण ७.६ लिटर, म्हणजे तासाला २७ घनमीटर पाणी येतं. उचल ६० मीटर झाली की तीच मोटार तासाला ९ घनमीटर देते. पण फेब्रुवारीत हा आकडाही कामाचा राहत नाही. ६ मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. ती रात्रभरात २ मीटर भरत असेल तर दिवसाला मिळतं ५६ घनमीटर, मोटार कितीचीही असो. कांद्याला दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर हेक्टरी ५० घनमीटर लागतं. म्हणजे त्या महिन्यात ती विहीर फार तर एक हेक्टर कांदा जगवते. हे गणित शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, फक्त तो ते ‘दोन तास चालते, मग हवा मारते’ असं सांगतो. ‘किती तास चालते आणि भरायला किती तास लागतात’ हे दोन प्रश्न ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन वेळा विचारले, तर बऱ्याच महागड्या पंप टेस्ट वाचतात.

विजेच्या किमतीचा ब्रेक मॉडेलमध्ये घालून उपयोग नाही. मीटर नसलेल्या पंपांना बिल एचपीवर येत होतं आणि २०२४पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. उपशाला खरी मर्यादा दोनच : फेज किती तास मिळते आणि विहीर किती भरते. तिसरी अधूनमधून येते, ती म्हणजे डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते. एका डीपीवर मोटारी वाढल्या की व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळतात. एकाचं नवं बोअर शेजाऱ्याला जमिनीखालून त्रास देतंच, शिवाय तारेवरूनही देतं. मॉडेलमध्ये डीपीचं जाळं घालायचं की नाही हे गावावर अवलंबून आहे. पण कोणती विहीर कोणत्या डीपीवर आहे, हे मोजणीतच लिहून ठेवावं. नंतर परत फिरणं महाग पडतं.

चिंचोके

आता निर्णयाचा भाग. प्रश्नावली घेऊन ‘पाणी कमी असेल तर तुम्ही काय कराल?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कमी पाण्याचं पीक घेऊ.’ सगळ्यांचं हेच उत्तर असतं आणि शिवारात उसाची लागण झालेली असते. हेच निर्णय खेळात घ्यायला लावले की वेगळं दिसतं.

ही पद्धत आपल्याकडची नाही, पण रुजायला सोपी आहे. फ्रान्समधल्या सिराद या संस्थेच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या सिंचन योजनांवर मॉडेल बांधलं. मॉडेलच्या आत काय आहे हे शेतकऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी त्याच नियमांचा भूमिकांचा खेळ तयार केला. खेळ आणि मॉडेल एकमेकांना तपासतात, ही त्यातली मूळ कल्पना. आंध्र प्रदेशात भूजलाचे साधे खेळ गावोगाव घेतले गेले. खेळ झालेल्या गावांत पाण्याची नोंदवही ठेवणं आणि नियम करणं जास्त आढळलं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलं आहे.

आपल्या गावांसाठी चालणारी मांडणी अशी. १० ते १२ खेळाडू, ६ फेऱ्या, प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. मधोमध एक परात, त्यात चिंचोके, म्हणजे उथळ साठा. झाकलेल्या डब्यात आणखी चिंचोके, हा खोल साठा. डब्यात किती आहेत हे कुणालाच माहीत नाही, खऱ्या जलधरासारखंच. पावसाच्या चिठ्ठ्या : चांगला, मध्यम, तूट. पिकांची कार्डं ज्वारी, हरभरा, गहू, कांदा, ऊस आणि डाळिंब. प्रत्येकावर लागणारं पाणी आणि मिळणारे पैसे. पाण्याचं प्रमाण खऱ्याच्या जवळ ठेवावं : हरभरा २५०–३०० मिलिमीटर, गहू ४०० ते ४५०, रब्बी कांदा ५००च्या आसपास, ऊस २०००च्या पुढे. कार्ड गुपचूप निवडायचं, एकदम उघडायचं. कांद्याचा भाव दरवर्षी फाशाने ठरवावा. भाव ठरलेला ठेवला तर खेळ खोटा वाटतो आणि लोक तसं बोलूनही दाखवतात. बोअरचं कार्ड वेगळं : पैसे भरायचे आणि फासा टाकायचा. पाणी लागलं तर डब्यातून घेता येतं, नाही लागलं तर पैसे गेले.

डाळिंबाचं कार्ड विसरू नये. हंगामी पिकाची मागणी लवचीक असते. यंदा पाणी नाही तर कांदा कमी लावू, असं म्हणता येतं. बाग लावली की ती लवचीकता संपते. चार वर्षांची उभी बाग सोडता येत नाही. टँकर आणतील, बोअर मारतील, पण बाग वाळू देणार नाहीत. शिवारातल्या बागेचा हिस्सा वाढत गेला की तुटीच्या वर्षी उपसा कमी होण्याऐवजी वाढतो. खेळात हे साधारण चौथ्या फेरीत दिसू लागतं. मॉडेलमध्ये व्यवस्था एका अवस्थेतून दुसरीत घसरते ती बहुधा याच ठिकाणी.

शेततळ्याचं कार्डही असंच बोलकं आहे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, १:१ उताराच्या तळ्यात २१९६ घनमीटर म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. कागदावर ते पावसाच्या पाण्यासाठी असतं. प्लॅस्टिक टाकलेली तळी पुष्कळ ठिकाणी विहिरीतून किंवा बोअरमधून भरली जातात, तीही पावसाळ्यात किंवा पाऊस संपतासंपता, कारण पाणी जमिनीखाली ठेवलं तर शेजारी ओढेल. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दिवसाला ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर ९०० चौरस मीटरवरून ७५० घनमीटर उडून जातं. तळं सगळा काळ भरलेलं नसतं, म्हणून हा वरचा आकडा समजावा. तरीही तो तळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका होतो. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णय अगदी शहाणपणाचा. पन्नास जणांनी तोच घेतला की शिवाराचं नुकसान.

खेळ संपल्यावरची चर्चा खेळापेक्षा लांब चालावी. कोणत्या फेरीत काय निवडलं आणि का, हे एकेकाला विचारायचं आणि शब्द तसेच टिपायचे. ‘त्यानं मारलं म्हणून मी मारलं’ हा नियमच आहे, त्याचा कोड करता येतो. बोअरच्या निर्णयात बहुधा तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात : उभं पीक किंवा बाग धोक्यात, हातात पैसा किंवा उधारी, आणि जवळपास कुणाला तरी नुकतंच लागलेलं पाणी. तिसरी अट महत्त्वाची आहे. ती घातली की मॉडेलमध्ये बोअर एकेक करून वाढत नाहीत, घोळक्याने वाढतात. ‘जवळपास’ म्हणजे अंतराने जवळ की भाऊबंद, हेही विचारून घ्यावं. जाळं त्यावर बदलतं.

इथे काय बिघडतं? सरपंच किंवा मोठा बागायतदार खेळात बसला तर बाकीचे जपून खेळतात. म्हणून एक खेळ त्यांच्यासह आणि एक त्यांच्याशिवाय घ्यावा. बायकांचा खेळ वेगळा घ्यावा. रात्री फेज आल्यावर दारं धरायला कोण जातं आणि पिण्याचं पाणी कुठून येतं, हे तिथेच नीट कळतं. विहीर नसलेले, वाट्याने करणारे आणि भूमिहीन यांना भूमिका द्यावी. शेवटच्या फेरीत भूमिका बदलाव्यात, मोठ्याला दोन एकरवाला करावं. आणि खेळातलं वागणं म्हणजे शेतातलं वागणं असं लगेच मानू नये, कारण खेळात सोसायटीचं कर्ज नसतं. खेळातून नियमाचा आकार मिळतो; त्यातले आकडे मोजणीतल्या बोअरच्या वर्षांवरून ताडून पाहायचे. २०१२–१३, २०१५–१६ आणि २०१८ ही महाराष्ट्रातली दुष्काळाची वर्षं. त्या वर्षांत गावातली बोअर किती वाढली हे तुमच्या यादीत असतंच.

आधी कुणाची मोटार?

कोडिंगसाठी नेटलोगो हे एजंट-बेस्ड मॉडेलं लिहिण्याचं सॉफ्टवेअर पुरतं. ते फुकट आहे, १९९९पासून आहे आणि भूगोलाचा विद्यार्थीही महिनाभरात ते वाचू शकतो. पायथॉन येणाऱ्यांनी त्यातलं तसंच साधन, मेसा, घ्यावं. काळाची पायरी पंधरवड्याची ठेवावी. रोजची पायरी ठेवली तर तितका डेटा नसतो, महिन्याची ठेवली तर पाण्याच्या पाळ्या हरवतात. धाव, म्हणजे मॉडेल एकदा चालवणं, १५ वर्षांची. मॉडेलचं वर्णन ओडीडी या ठरलेल्या साच्यात लिहावं. २००६ साली फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. लिहिताना कंटाळा येतो, पण भूजलवाला आणि समाजशास्त्रवाला एकाच पानावर भांडू शकतात, हा त्याचा खरा फायदा.

सर्वांत लपलेली चूक क्रमाची. समजा, गावात १८० विहिरी आहेत आणि एका पायरीत त्या सगळ्या उपसा करतात. प्रोग्रॅम त्यांना नेहमी एकाच क्रमाने हाक मारत असेल, तर यादीतल्या पहिल्या विहिरी कायम श्रीमंत होतात आणि शेवटच्या कायम आटतात. चित्र अगदी खरं वाटतं, विषमतेवर पेपरही लिहिता येईल. प्रत्यक्षात ती यादीची करामत असते. उपाय दोन : दर पायरीला क्रम पिसायचा, किंवा सगळ्यांची मागणी आधी गोळा करून मग थराच्या खोलीप्रमाणे आणि विहिरीच्या भरण्याप्रमाणे वाटायची. दुसरा जास्त बरोबर. दोन्ही करून पाहावेत. निष्कर्ष बदलत असेल तर तो निष्कर्ष सांगू नये.

प्रत्येक पायरीला आलेलं वजा गेलेलं बरोबर साठ्यातला फरक, ही तपासणी कोडमध्येच लिहून ठेवावी. पाणी नकळत जन्माला येतं ते बहुधा दोन ठिकाणी : विहीर आटल्यावरही पिकाला दिलेलं पाणी आणि शेततळ्यातलं दोनदा मोजलेलं पाणी.

जुळवणीत, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष नोंदींशी जुळवताना, आणखी एक सापळा आहे. पाऊस ६०० मिलिमीटर. मुरण्याचं प्रमाण ८ टक्के आणि विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, १.५ टक्के धरलं तर पातळी ३.२ मीटर चढते. १२ टक्के आणि २.२५ टक्के धरलं तरी ३.२ मीटरच. भूजल अंदाज समितीच्या १९९७च्या मार्गदर्शक आकड्यांत झिजलेल्या बेसाल्टसाठी मुरण्याचं प्रमाण ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टसाठी १३ टक्के आहे, तर विशिष्ट उत्पन्न १ ते ३ टक्के. दोन्ही जोड्या या मर्यादेत बसतात. विहिरीच्या पातळ्यांशी दोन्ही मॉडेलं सारखीच जुळतील. पण १००० हेक्टरवर पहिल्यात ४८० टीसीएम पाणी आहे आणि दुसऱ्यात ७२०. फरक २४० टीसीएम, म्हणजे ४८ हेक्टर कांदा. ग्रामसभेत भांडण होतं ते एवढ्याच कांद्यावरून.

म्हणून नुसत्या पातळ्यांवर जुळवणी करू नये. चार गोष्टी एकदम जुळल्या पाहिजेत : पातळीचा चढउतार, कोणत्या महिन्यात किती विहिरी आटतात, बोअरची वर्षवार वाढ आणि रब्बीचं क्षेत्र. क्षेत्रासाठी ई-पीक पाहणीचा आकडा उपग्रहाच्या चित्राशी ताडून घ्यावा. निदान पाच-सहा मोटारींवर तास मोजणारं साधं मीटर लावलं की वरच्या दोन जोड्यांतली एक गळते.

मग संवेदनशीलता, म्हणजे कोणता आकडा हलवला की निकाल किती हलतो. १२ अनिश्चित आकडे असतील तर मॉरिस पद्धतीने, म्हणजे एका वेळी एकच आकडा बदलत, २० मार्ग घेतले की २० गुणिले १३, म्हणजे २६० रचना होतात. प्रत्येकीच्या ३० धावा म्हणजे ७८००. साध्या लॅपटॉपवरही हे एका रात्रीत आवाक्यात आणता येतं, मॉडेल आटोपशीर असेल तर. निकाल सरासरीत सांगू नये. एकाच रचनेच्या निम्म्या धावांत नियम टिकतो आणि निम्म्यांत बोअरची शर्यत लागते, असं घडू शकतं. त्यांची सरासरी कुठल्याच गावाचं वर्णन करत नाही.

कोणते नियम तपासायचे

परदेशी पुस्तकांतून नियम आणायची गरज नाही, आपल्याकडे तयार आहेत. हिवरे बाजारची पद्धत : पावसाळ्यानंतर ग्रामसभेत हिशेब, त्यावर पिकं, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. विलासराव साळुंखे यांची १९७०च्या दशकातली पुरंदर तालुक्यातली पाणी पंचायत : पाणी जमिनीवर नाही, माणसावर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. आणि पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत : एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक आणि पाणी वाटायला पाटकरी. फड आणि पाणी पंचायत या पृष्ठभागावरच्या किंवा उचललेल्या पाण्यासाठी होत्या. दार बंद करता येतं, तिथे पाटकरी चालतो. भूजलाला १८० दारं असतात. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक नियमासोबत ‘मोडणाऱ्याचं प्रमाण’ आणि ‘मोडलेलं कळायला लागणारा वेळ’ हे दोन आकडे हवेत. नियमापेक्षा या दोघांवरच निकाल जास्त हलतो.

बालीचं उदाहरण इथे आठवावं. स्टीफन लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी १९९३ साली दोन नद्यांमधल्या १७२ सुबकांचं, म्हणजे भातशेतीच्या पाणीगटांचं मॉडेल प्रसिद्ध केलं. वरच्या गटांनी खालच्यांना पाणी का सोडावं? कारण सगळ्यांनी एकाच वेळी शेत मोकळं ठेवलं तर उंदीर आणि किडी उपाशी मरतात. वरच्याला कीड नको असते, खालच्याला पाणी हवं असतं. प्रत्येक गट शेजाऱ्यांतल्या सर्वांत यशस्वी गटाची नक्कल करतो, एवढ्या साध्या नियमातून मॉडेलमध्ये काही वर्षांतच पाण्याच्या मंदिरांच्या जाळ्यासारखा मेळ बसला. आपल्या शिवारात वरच्याला खालच्याची गरज कशासाठी आहे, हा प्रश्न त्यामुळे विचारण्याजोगा होतो. कधी उत्तर डीपी असतं, कधी पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर, कधी ऊसतोडीची टोळी. कधी काहीच नसतं. मग तिथे नुसत्या ठरावाने काही होणार नाही, हे मॉडेल न चालवताही सांगता येतं.

निकाल गावात नेताना प्रोजेक्टर शेवटी लावावा. आधी जमिनीवर रांगोळीने शिवार काढून ‘या नियमाने पाचव्या वर्षी कुठल्या विहिरी आटतील?’ असं विचारून खडे ठेवायला सांगावं, मग मॉडेलचं उत्तर दाखवावं. जुळलं नाही तिथे कोण चूक हे आधीच ठरवू नये. ओढ्याखालची भेग, बुजवलेला आड अशा गोष्टी अशाच वेळी बाहेर येतात.

विहिरीगणिक डेटा कुणाचा, हे मोजणीच्या आधी लेखी ठरवावं. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. तुमची बोअरची यादी म्हणजे लोकांनी विश्वासाने सांगितलेली माहिती. पेपरमध्ये, नकाशात किंवा प्रकल्पाच्या वेबसाइटवर गट नंबर जाऊ नयेत. जागा १०० ते २०० मीटर हलवून दाखवाव्यात. मूळ वही ग्रामपंचायतीत ठेवायची की गटाकडे, हे गावाने ठरवावं.

आणि कुठे हे सगळं करू नये तेही सांगतो. बंधारा कुठे घालावा एवढाच प्रश्न असेल तर खडक ओळखणारा एक भूजलशास्त्रज्ञ, हातोडी आणि ओढ्याने दोन दिवस चालणं पुरे. गावात सात-आठच विहिरी असतील तर त्यांचे मालक एका पारावर मावतात. जिथे निर्णय आधीच झालेला आहे आणि मॉडेल फक्त त्यावर शिक्का मारायला हवं आहे, तिथलं काम सरळ नाकारावं.